घराची मेढ कोणत्या लाकडाची?



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर तुमच्या देणग्यांतून कातकरी वाडीत घरे उभारताना आम्ही स्वस्त मिळाले म्हणून आंब्याचे लाकूड घेतले. वाडीतले आजोबा म्हणाले होते, "ताई, मेढीला ऐन घ्या." मी ऐकले नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात मेढी जमिनीलगत मऊ पडल्या. आत वाळवी शिरली होती.

छपराचा भार मेढींवर असतो. त्यांना ऐन किंवा साग हवा, तोही गाभ्याचा. बाहेरचे फिकट लाकूड कितीही जाड असले तरी कीड आधी तेच खाते. आता मेढ मातीत न पुरता दगडी जोत्यावर बसवतो आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून लोखंडी पट्टीने जखडतो.

आतल्या कुडावर भार नसतो. तिथे साग घालणे म्हणजे उधळपट्टीच. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून शेणमातीने लिंपल्या की झाले; हे काम वाडीतल्या बायका आमच्याहून चांगले जाणतात. बांबू वापरायचा तर तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्यावा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त, म्हणून भुंगा लवकर लागतो. जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू २०१७ पासून कायद्याने 'झाड' धरला जात नाही, त्यामुळे तो मिळवणे सोपे झाले आहे.

यंदा सहा घरे ठरली होती. ऐन घेतला तर चारच होतील. मी चारच्या बाजूची आहे, आणि समितीच्या बैठकीत तेच मांडणार आहे.