उंचावलेली गाडी रस्त्यावर अस्थिर का होते

फोर-बाय-फोर गाडीचे सस्पेन्शन उंचावले, की चॅसी आणि एक्सल यांच्यातले अंतर वाढते. लिफ्ट किट विकले जाते ते या एका आकड्यावर: दीड इंच, दोन इंच, तीन इंच. पण चॅसी आणि एक्सल यांना जोडणारा प्रत्येक दांडा आणि स्टेअरिंगचा प्रत्येक सांधा कारखान्यात एका ठरावीक उंचीसाठी आखलेला असतो. ती उंची बदलली, की सगळ्यांचे कोन एकाच वेळी बदलतात. नवी स्प्रिंग टाकलेली गाडी हमरस्त्यावर वाहवू लागते किंवा वळणावर नको तितकी कलते, तेव्हा दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो, या बदललेल्या कोनांचा असतो.

लिफ्टमुळे नेमके काय मिळते, तेही आधी स्पष्ट हवे. अखंड एक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा एक्सलवरच असतो. स्प्रिंग कितीही उंच टाकली तरी तो जमिनीपासून तितक्याच अंतरावर राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. स्प्रिंगमुळे वर जाते ती चॅसी. म्हणून चढाच्या पायथ्याशी बंपर टेकत नाही, उंचवट्यावरून जाताना पोट घासत नाही आणि मोठ्या टायरला कमानीत जागा मिळते. फायदा खरा आहे, पण समजला जातो तेवढा मोठा नाही.

मारुती सुझुकीची जिम्नी हे या विषयाचे चांगले उदाहरण. 2023 मध्ये भारतात विक्रीला आलेल्या या पाच दारांच्या गाडीला पुढे-मागे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. मारुतीच्या जुन्या जिप्सीत पाट्यांच्या स्प्रिंगच एक्सलला जागेवर धरून ठेवत. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. त्यामुळे जिम्नीत एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून रेडियस आर्म आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड दिलेला आहे. लिफ्टनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन भागांत सापडते.

पुढचे रेडियस आर्म एक्सलपासून मागे जाऊन चॅसीला जोडलेले असतात. चॅसी वर गेली की आर्मचे मागचे टोक वर उचलले जाते आणि एक्सल स्वतःभोवती पुढच्या बाजूला फिरतो. आर्मची लांबी 800 मिलिमीटर धरली, तर 50 मिलिमीटर लिफ्टने एक्सल सुमारे साडेतीन अंश फिरतो. तेवढाच कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. सायकलचा फोर्क असाच तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाऊ शकते. मोटारीत हा कोन जेमतेम काही अंशांचा असतो. त्यातले साडेतीन गेले तर फार थोडे उरते. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मागे येत नाही. शेजारून ट्रक गेला तरी गाडी हलते आणि चालकाला सतत बारीक दुरुस्ती करत राहावी लागते.

साध्या अलाइनमेंटने हे सुटत नाही, कारण अशा एक्सलवर कॅस्टर बदलायला पेचच नसतो. त्यासाठी मध्यापासून हटलेल्या छिद्राचे कॅस्टर करेक्शन बुश, वाकवलेले आर्म किंवा चॅसीवर खाली उतरवलेले ब्रॅकेट लागतात. यातही देवाणघेवाण आहे. कॅस्टर परत आणताना एक्सल मागे फिरतो, डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर जास्त कोन येतो. पुढचा शाफ्ट सतत फिरणाऱ्या गाड्यांत मग थरथर जाणवते.

पॅनहार्ड रॉडचे एक टोक चॅसीला, दुसरे एक्सलला असते. तो आडवा असताना उंचीतल्या बदलाचा परिणाम नगण्य असतो. आधीच तिरका असेल तर मात्र झपाट्याने वाढतो. 900 मिलिमीटर लांबीच्या रॉडची दोन टोके उंचीत 100 मिलिमीटरने वेगळी असतील आणि लिफ्टने तो फरक 150 झाला, तर एक्सल 7 मिलिमीटर बाजूला ओढला जातो. मागच्या एक्सलचे तसेच झाले, तर मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत धावत नाहीत. लांबी बदलता येणारा रॉड यासाठीच असतो.

स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, पॅनहार्ड रॉडला शक्यतो समांतर ठेवलेला असतो, म्हणजे चाक वर-खाली होताना दोन्ही सारख्याच कमानीत फिरतात. किटमधल्या ब्रॅकेटने फक्त पॅनहार्ड रॉडचे टोक हलवले तर ही समांतरता मोडते. मग प्रत्येक खड्ड्यावर हात स्थिर असूनही चाके वळतात. यालाच बंप स्टिअर म्हणतात. लिफ्टनंतर गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग तिरके दिसते, तेही ड्रॅग लिंकमुळेच. ते लिंकची लांबी बदलूनच सरळ करावे. स्टेअरिंग काढून हव्या त्या खाचेत पुन्हा बसवण्याची युक्ती धोक्याची आहे: गाडी सरळ चाललेली असताना गाडी स्थिर ठेवणाऱ्या ईएसपी यंत्रणेचा सेन्सर वळण दाखवत राहतो आणि ती चुकीच्या वेळी ब्रेक लावू शकते.

याहून भीतिदायक म्हणजे पुढच्या चाकांची जोरदार थडथड. अखंड एक्सलच्या गाडीत विशिष्ट वेगाला एखादा खड्डा लागला की दोन्ही चाके डावी-उजवीकडे हिसके देऊ लागतात आणि वेग पुरेसा उतरेपर्यंत थांबत नाहीत. झिजलेले बुश, पॅनहार्ड रॉडचा ढिला बोल्ट, बॅलन्स नसलेले टायर ही नेहमीची कारणे. लिफ्टने बिघडलेली भूमिती त्यांना वाव देते. नुसता जाड स्टेअरिंग डॅम्पर लावला तर लक्षण दबते, कारण तसेच राहते.

हे सगळे दुरुस्त करता येते. गुरुत्वमध्याची वाढलेली उंची मात्र कोणत्याही बुशने खाली येत नाही. गाडी उलटण्याला किती विरोध करते, याचे ढोबळ माप म्हणजे दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेतली सरकारी वाहनसुरक्षा संस्था 2001 पासून उलटण्याच्या धोक्याचे मानांकन देताना हेच माप वापरते. चाकांमधले अंतर 1400 आणि गुरुत्वमध्य 650 मिलिमीटरवर असेल, तर उत्तर 1.08 येते. 50 मिलिमीटर लिफ्टने एक्सल आणि चाके जागेवरच राहतात, म्हणून एकूण गुरुत्वमध्य साधारण 40 मिलिमीटर वर जातो आणि उत्तर 1.01 वर उतरते. छपरावर कॅरिअर, तंबू आणि स्टेपनी चढवली की आणखी खाली.

शिवाय गाडी कलते ती रोल सेंटरभोवती. पॅनहार्ड रॉडच्या रचनेत हा बिंदू लिफ्टच्या साधारण निम्माच वर जातो, कारण रॉडचे एकच टोक उचललेले असते. चॅसीवरचे वजन मात्र पूर्ण वर जाते. कलवणारी तरफ अशी लांब होते. कोरड्या डांबरावर उलटण्याआधी बहुधा टायर घसरतात. पण घसरणारे चाक कठड्याला किंवा मऊ साइडपट्टीत अडकले, की ती सवलत संपते. घाटातल्या वळणांवर हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

नाशिकला तयार होणाऱ्या 2020 नंतरच्या महिंद्रा थारची पुढची चाके मात्र अखंड एक्सलऐवजी स्वतंत्र विशबोनवर आहेत. तिथे कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकलेला कोन) यांची जुळवणी काही प्रमाणात करता येते. पण स्प्रिंगवर स्पेसर ठेवून उंची घेतली तर शॉकअप आधीच ताणलेला राहतो, चाकाला खाली जायला प्रवास उरत नाही आणि चाकाला गती देणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट नेहमीच वाकलेल्या कोनात फिरतात.

टायरचा परिणाम वेगळा मोजावा. 195/80 आर15 च्या जागी 235/75 आर15 आला की व्यास सुमारे 693 वरून 733 मिलिमीटर होतो. काटा 100 दाखवत असताना खरा वेग 106 च्या आसपास असतो. ब्रेकचा होज लांब आहे का, हेही तपासावे लागते. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर उचललेली चॅसी पाहून तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे होतील, असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याला दुजोरा दिला. अपघातानंतर विम्याचा प्रश्न इथेच अडतो.

काम करायचेच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी जुने बुश आणि बॉल जॉइंट तपासायचे, मग स्प्रिंग आणि तिच्या लांबीला जुळणारे शॉकअप, मग कॅस्टर, पॅनहार्ड रॉड, शेवटी ड्रॅग लिंक आणि हेडलाइटचा झोत. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना कधीही पूर्ण आवळू नयेत. चाकांवर पूर्ण वजन आल्यावर आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. काही शे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग थोडी बसते. त्यानंतर बोल्ट आणि अलाइनमेंट पुन्हा एकदा तपासून घ्यावे लागते.