शंभर बादल्यांचा हिशेब : आपले सांडपाणी जाते कुठे?

नळ किती वाजता येतो, हे वस्तीतील प्रत्येक घराला पाठ असते. भांडी घासून, कपडे धुऊन, संडासात ओतून झाल्यावर तेच पाणी कुठे जाते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. नालीत गेले की विषय संपला, असे आपण धरून चालतो. पण पाणी उताराकडे धावते, आणि बहुतेक गावाशहरांत उताराला, नाल्याच्या काठाला आपल्याच वस्त्या आहेत. गावाने वरून सोडलेले पाणी आपल्या दारात येते. म्हणून हा विषय आरोग्याचा आहे, तसाच हक्काचाही आहे.

सांडपाणी किती निघते?

हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. सरकारी मापदंडानुसार भूमिगत गटार योजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. गटार योजना नसेल तर ७० लिटर. त्यातील साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ होती. माणशी ७० लिटर धरले तरी रोज ५१ लाख लिटर सांडपाणी होते; १३५ लिटर धरले तर ९९ लाख. दोनशे घरांच्या, हजार माणसांच्या वस्तीतून ७० लिटरच्या हिशेबाने रोज ५६ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर निघतात.

चार आकडे वेगवेगळे असतात

"आमच्याकडे प्रक्रिया केंद्र आहे" एवढे ऐकून समाधान मानू नये. सांडपाण्याचा हिशेब चार आकड्यांत मांडावा लागतो : निघते किती, केंद्रांची बांधलेली क्षमता किती, त्यातील चालू किती, आणि प्रत्यक्षात स्वच्छ होते किती.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशभरातील केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. बांधलेली क्षमता ३१,८४१, चालू क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३५ दशलक्ष लिटरवर. हेच बादल्यांत मांडू. शंभर बादल्या निघाल्या, तर ४४ बादल्यांपुरती केंद्रे बांधली, ३७ बादल्यांपुरती चालू आहेत, आणि स्वच्छ होतात फक्त २८. उरलेल्या ७२ बादल्या जशाच्या तशा नाल्यात, तलावात, नदीत.

महाराष्ट्राचा हिशेब आणखी विचार करायला लावतो. राज्यात निघते ९,१०७, क्षमता ६,८९०, चालू ६,३६६, प्रत्यक्ष प्रक्रिया ४,२४२ दशलक्ष लिटर. शंभरपैकी ७६ बादल्यांची सोय बांधली, पण स्वच्छ होतात ४७. मग बांधलेली केंद्रे अर्धपोटी का राहतात? मोठे कारण म्हणजे त्यांच्यापर्यंत सांडपाणी पोचवणारे नळांचे जाळेच अपुरे असते. केंद्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. पण गल्लीबोळातील घर जमिनीखालच्या गटाराला जोडणे हे खर्चाचे, किचकट आणि फोटो न निघणारे काम आहे. ते मागे पडते, आणि जोडणीत सर्वांत शेवटी राहते ती वस्ती. विजेचे बिल थकले, यंत्र बिघडले, प्रशिक्षित माणूस नसला, तरी केंद्र बंद पडते.

नागपूरचे पाणी भंडाऱ्याच्या दारात

दुसऱ्या शहरातील केंद्राशी आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. नकाशा पाहावा. नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हान नदीला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. नागपुरात भांडेवाडी येथे १३० आणि २०० दशलक्ष लिटरची केंद्रे आहेत, आणि शुद्ध केलेले पाणी कोराडी व खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचत नाही, ते नाग नदीच्या वाटेने खाली उतरते. हे थांबवण्यासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या नाग नदी प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात केंद्रांबरोबर गटारांच्या जाळ्याचेही काम आहे.

खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण आहे. धरणाने पाणी अडले, जलाशयाचा फुगवटा वर भंडाऱ्याच्या दिशेने सरकला आणि वाहती नदी संथ झाली. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते, त्यामुळे ते थोडीफार घाण स्वतः पचवते. साचलेल्या पाण्यात घाण कुजते, पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात, जलपर्णी माजते. प्राचीन स्तूपांसाठी ओळखली जाणारी पवनी याच नदीच्या काठी आहे. नदीकाठच्या ढिवर बांधवांची मासेमारी आणि कितीतरी गावांच्या नळयोजना याच पाण्यावर आहेत. नागपूरने नदीत काय सोडले, हे विचारण्याचा भंडाऱ्याला अधिकार आहे. आणि भंडारा, तुमसर, पवनी, साकोली काय सोडतात, हे खालच्या गडचिरोलीलाही विचारता येईल.

नालीतून नळात

सांडपाण्यातील जंतू पोटात गेले की हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ असे आजार होतात. ते पोटात कसे जातात, हे समजून घ्यावे. आपल्याकडे नळ दिवसातून तास-दोन तास चालतो. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आतला दाब उतरतो. पाइप नालीतून गेलेला असेल आणि त्याला बारीकशी चीर असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळाचे पहिले पाणी गढूळ, वासाचे येते ते बहुधा यामुळेच. म्हणून पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. पावसाळ्यात किंवा वस्तीत हगवण सुरू असेल तेव्हा पाणी गाळून, खळखळ उकळून, झाकून ठेवावे. लहान मुलाला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले तर तडक दवाखाना गाठावा.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे आणि पाण्यात मलमूत्र विसर्जन न करण्याचा विनयाचा नियम आहे, हे इथे आठवावे. पाणी सर्वांचे आहे, ही समज धम्मात आधीपासून आहे.

संडासाची टाकी आणि आपली माणसे

भूमिगत गटार नाही तिथे घराघरांत संडासाची टाकी असते. ती दर दोन-तीन वर्षांनी उपसली नाही तर गाळ भरतो आणि मैला नालीत वाहू लागतो. उपसलेला गाळही शेतात किंवा नाल्यात ओतला तर उपयोग काय? साताऱ्याच्या वाई शहरात नगर परिषदेने ठरलेल्या पाळीने टाक्या उपसण्याची आणि गाळावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था २०१८ पासून सुरू केली. लहान शहरालाही हे जमते, याचा हा पुरावा आहे.

टाकी यंत्रानेच उपसली पाहिजे. आत विषारी वायू साचतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हे मरण कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पैशांची कितीही निकड असली तरी आपल्या घरातील कोणी उतरू नये, आणि आपल्या टाकीत दुसऱ्या कोणाला उतरवू नये. यंत्राच्या गाडीसाठी १४४२० हा सरकारी मदत क्रमांक आहे.

विहारात बसून करायचे काम

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. वस्तीतील घरे, माणसे आणि टाक्या मोजाव्यात. नालीतून गेलेले नळाचे पाइप कुठे आहेत, ते वहीत टिपावे. मग माहितीच्या अधिकारात नगर परिषदेला विचारावे : शहरात रोज सांडपाणी किती निघते? आमच्या वार्डातील किती घरे गटाराला जोडली? केंद्राची क्षमता किती, आणि मागील वर्षी रोज सरासरी किती पाण्यावर प्रक्रिया झाली? उपसलेला मैला कुठे टाकला जातो? शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. ग्रामपंचायतीलाही असाच अर्ज करता येतो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा आपला हक्क बजावला. ते पाणी आपल्या मुलांना पिण्याजोगे राहावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. अर्ज लिहायला एक तरुण आणि वही धरायला एक भगिनी पुढे आली, तरी सुरुवात होते.

जयभीम.