उतारवयातील गिटार आणि मैफलीचा हिशेब

मुंबईत वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओत २०११ साली ब्लूज संगीताचा एक महोत्सव सुरू झाला. त्या पहिल्या महोत्सवात शिकागोचे गिटारवादक बडी गाय वाजवून गेले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते त्याच महोत्सवासाठी पुन्हा मुंबईत आले, तेव्हा त्यांनी शहाऐंशी वर्षे पूर्ण केली होती. ज्या वयात सामान्य माणूस जिना चढताना कठड्याचा आधार शोधतो, त्या वयात एक वादक अर्धे जग ओलांडून येतो आणि गळ्यात गिटार अडकवून हजारो श्रोत्यांपुढे उभा राहतो, हे दृश्य विस्मयकारक खरेच. परंतु विस्मय ही एक गोष्ट आणि संगीत ही दुसरी. विस्मयाचा बहर ओसरल्यावर प्रश्न उरतो तो असा की, सत्तरी-ऐंशी ओलांडलेले हे वादक मंचावर आजही खरोखर वाजवतात, की त्यांच्या नावाने त्यांचा भूतकाळ वाजत असतो?

हा प्रश्न केवळ रसिकांच्या कुतूहलाचा नाही. १९६०च्या दशकात ज्यांनी ब्लूज-रॉक नावाचा संगीतप्रकार घडवला, ती पिढी आता मावळत आहे. पीटर ग्रीन २०२० मध्ये गेले, जेफ बेक जानेवारी २०२३ मध्ये आणि जॉन मेयॉल जुलै २०२४ मध्ये. जे मागे उरले आहेत त्यांना ऐकण्याची संधी दरवर्षी कमी होत आहे आणि तिचे मोल मात्र वाढत आहे. अशा वेळी भावनेच्या भरात दाद देणे सोपे आणि तुच्छतेने नाक मुरडणे त्याहूनही सोपे. दोन्ही टाळून विचार करावयाचा, तर आधी या कलेचे स्वरूप पाहावे लागते.

तारुण्याचा आवेश, वार्धक्याची भाषा

ब्लूज संगीत जन्मले ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपीच्या कापूसप्रदेशात, बटाईने शेती कसणाऱ्या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. पोटासाठी उत्तरेकडे निघालेल्या या लोकांबरोबर ते शिकागोसारख्या कारखान्यांच्या शहरांत पोहोचले आणि तेथे मडी वॉटर्स यांच्यासारख्यांच्या हाती त्याला विजेची गिटार मिळाली. लुईझियानाच्या शेतमजूर कुटुंबात १९३६ साली जन्मलेले बडी गाय १९५७ मध्ये याच शहरात दाखल झाले. पुढे या वादकांच्या तबकड्या समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या. त्या ऐकून एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जेफ बेक यांच्यासारखी गोरी मुले वेडावली आणि त्यांनी या संगीताला वेग, प्रचंड आवाज आणि लांबलचक उत्स्फूर्त वादनाची जोड दिली. १९६६ साली स्थापन झालेला ‘क्रीम’ हा क्लॅप्टन, जॅक ब्रूस व जिंजर बेकर या तिघांचा संच अवघी दोन वर्षे टिकला. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने निरोप घेतला, तेव्हा क्लॅप्टन अवघे तेवीस वर्षांचे होते.

येथेच या प्रश्नाची गाठ आहे. ब्लूज-रॉकची लोकमानसातील प्रतिमा तारुण्याची आहे. जिमी हेन्ड्रिक्स सत्ताविसाव्या वर्षी गेले, डुएन ऑलमन चोविसाव्या वर्षी, आणि स्टीव्ही रे वॉन १९९० मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात पस्तिसाव्या वर्षी. ते लोकांच्या स्मरणात कायमचे तरुण राहिले, आणि जे जगले त्यांना नकळत या मृतांच्या तारुण्याशी स्पर्धा करावी लागली. मूळ ब्लूजची परंपरा मात्र अगदी निराळी. तेथे वार्धक्य हा दोष मानला जात नसे. मिसिसिपीचे सन हाउस वादन सोडून कित्येक वर्षे विस्मृतीत गेले होते. १९६४ साली ते रोचेस्टर शहरात सापडले, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते आणि स्वतःचीच गाणी विसरलेले होते. ॲलन विल्सन नावाच्या एका तरुण वादकाने त्यांच्या जुन्या तबकड्यांवरून त्यांची गाणी त्यांना पुन्हा आठवून दिली. त्यानंतर हाच वृद्ध विद्यार्थ्यांनी भरलेल्या सभागृहांतून गाऊ लागला आणि श्रोते अवाक् होऊन ऐकू लागले. त्यांच्यापाशी वेग नव्हता. सांगण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

काय जाते, काय उरते

वयाबरोबर वादकाचे काय काय जाते? बोटांची चपळाई कमी होते. तार पडद्यावर दाबून बाजूला खेचण्यासाठी, म्हणजे आपल्या मींडेशी नाते सांगणारा तो आर्त स्वर काढण्यासाठी, बोटांत जोर लागतो. तोही कमी होतो. दशकानुदशके प्रचंड ध्वनिवर्धकांसमोर उभे राहिल्याने कान दुबळे होतात. क्लॅप्टन यांनी मज्जातंतूंच्या विकाराने आपल्याला वाजवणे कष्टाचे झाल्याचे २०१६ मध्ये उघडपणे सांगितले. पुढे कानांत सतत आवाज घुमण्याच्या व्याधीचीही कबुली दिली. हे नुकसान खरे आहे आणि कोणत्याही जाहिरातीने ते झाकता येणार नाही.

तथापि काही गोष्टी जात नाहीत; किंबहुना त्या वाढतात. कोणता स्वर घ्यावयाचा यापेक्षा कोणता सोडावयाचा हे वादकाला उशिरा कळते. ‘क्रीम’चे तिघे २००५ च्या मे महिन्यात त्याच अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले. ब्रूस यांच्यावर यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि बेकर सांधेदुखीने त्रस्त होते. १९६८ चा तो गडगडाट त्यांच्या वादनात नव्हता. परंतु एकमेकांचे ऐकून, जागा सोडून वाजवण्याचा जो संयम तेथे दिसला, तो तरुणपणी त्यांच्यापाशी क्वचितच होता. जेफ बेक यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांनी तार छेडण्याची पट्टी टाकून दिली आणि ते उघड्या बोटांनी वाजवू लागले. २००७ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, लंडनच्या रॉनी स्कॉट्स या छोट्या क्लबात त्यांनी जे वादन केले, ते त्यांच्या तरुणपणच्या वादनापेक्षा अधिक सूक्ष्म व अधिक गायनासारखे होते, असे मानणारे जाणकार थोडे नाहीत. २०२२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षीही, ते दौऱ्यावर होते.

वॉल्टर ट्राउट यांची कथा तर जिद्दीचा धडाच आहे. २०१४ साली यकृतरोपणानंतर त्यांच्या हातांतली कलाच गेली. त्यांना गिटार पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली, आणि दुसऱ्याच वर्षी ते मंचावर परतले. अशा वादकाच्या स्वरातील कंप दुबळेपणाचा आहे की अनुभवाचा, हे ठरविण्यास कानांबरोबर थोडी सहृदयताही लागते.

परंतु सहृदयता म्हणजे आंधळेपणा नव्हे. बी. बी. किंग यांच्या कलेत वेगाला फारसे स्थान कधीच नव्हते. ते गाऊ लागले की गिटार थांबे आणि गिटार बोलू लागली की गळा थांबे. म्हणूनच उतारवयात खुर्चीवर बसूनही त्यांनी अनेक वर्षे सभागृहे जिंकली. तरीही २०१४ च्या एप्रिलमध्ये सेंट लुईस येथील त्यांचा कार्यक्रम इतका विस्कळीत झाला की काही श्रोते उठून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोच्या मंचावर त्यांची प्रकृती बिघडली, उरलेला दौरा रद्द झाला आणि पुढच्या मे महिन्यात एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जॉनी विंटर २०१४ च्या जुलैत फ्रान्समधील एका महोत्सवात वाजवून दोनच दिवसांनी झुरिकजवळच्या हॉटेलात मरण पावले. वार्धक्यात सर्वच चमकतात हे विधान जितके भाबडे, तितकेच वार्धक्यात सर्वच संपतात हेही.

मंचावर येण्याची सक्ती

मग हे वादक थांबत का नाहीत? याचे सरळ उत्तर ‘कलेवरील प्रेम’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगीय कलांची एक अडचण दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्रामुळे दर कामगारामागे उत्पादन वाढत जाते. पण चार वादकांनी वाजवावयाच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागत होता, तितकाच आजही लागतो. त्यामुळे कलेचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वाढतच जातो. या अडचणीवर ब्लूज-रॉकने तोड काढली ती ध्वनिवर्धकाची आणि तबकडीची. एकच वादक हजारोंना एका वेळी आणि लाखोंना घरबसल्या ऐकू येऊ लागला. १९८१ साली शेरविन रोझेन यांनी हेही दाखवले की, असे तंत्र हाती आले की थोड्याशा गुणाधिक्याला प्रचंड मोबदला मिळतो आणि मोजके ‘तारे’ बहुतेक सर्व बाजार व्यापतात.

पुढे या व्यवस्थेचा एक पाय लुळा पडला. १९९९ नंतर संगणकांवरून गाण्यांच्या प्रती फुकट फिरू लागल्या आणि ध्वनिमुद्रिकांची विक्री कोसळली. पूर्वी मैफल ही तबकडीची जाहिरात असे, म्हणून तिकीट स्वस्त ठेवणे परवडे. आता मैफल हाच मुख्य धंदा झाला. ॲलन क्रूगर यांच्या अभ्यासानुसार १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेत मैफलींच्या तिकिटांची सरासरी किंमत ८२ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात सर्वसाधारण ग्राहक किंमत-निर्देशांक मात्र १७ टक्क्यांनीच चढला होता. ज्यांचे नाव जुने व खात्रीचे, त्यांच्यावरच आयोजकाचा भरवसा. म्हणजे वृद्ध वादकाला मंचाची ओढ असो वा नसो, मंचाला मात्र त्याची ओढ आहे.

कृष्णवर्णीय ब्लूज वादकांच्या बाबतीत या सक्तीला एक कडवट बाजू आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी तरुणपणी आपली गाणी किरकोळ रकमेस विकली. त्या गाण्यांवर पुढे इतरांनी धन मिळविले. विली डिक्सन यांना आपल्या रचनेच्या श्रेयासाठी ‘लेड झेपेलिन’ या विख्यात संचाविरुद्ध दावा लावावा लागला आणि १९८७ मध्ये तो तडजोडीने मिटला. अशांना ना निवृत्तिवेतन, ना हक्काचे मानधन. त्यांचे सत्तराव्या वर्षी मंचावर उभे राहणे ही कित्येकदा रसिकतेची नव्हे, तर चरितार्थाची बाब असते. ‘यांनी आता थांबावे’ असे म्हणताना हे विसरून चालणार नाही.

दाद आणि देणे

येथे श्रोत्याच्या मनाचाही हिशेब मांडला पाहिजे. महाग तिकीट काढून, चार महिने वाट पाहून आलेला श्रोता आपला पैसा वाया गेला असे सहसा कबूल करीत नाही. वृद्ध वादक मंचावर पाऊल ठेवतो तोच सभागृह उभे राहते. ही दाद त्या संध्याकाळच्या वादनाला नसते, कारण वादन अजून सुरूच झालेले नसते. ती जुन्या देण्याची फेड असते. ती द्यावीच. पण त्या संध्याकाळचे खाते वेगळे ठेवावे. वादक आज काही नवे सांगत आहे काय? की पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकडीची नक्कल करीत आहे? अवघड जागा तो स्वतः पार करतो की मागच्या साथीदारांवर सोपवतो? या प्रश्नांची उत्तरे टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू येत नाहीत. मोठ्या क्रीडागारापेक्षा लहान दालनात ती स्पष्ट ऐकू येतात.

या कसोटीवर बडी गाय यांच्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्यांनी २०२३ मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला आणि २०२५ साली, एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, नवी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. त्यांच्या हातात पूर्वीचा आवेग आता नाही. कित्येकदा ते गाणे अर्ध्यावर सोडून गोष्टी सांगू लागतात. पण एकच स्वर इतका हळू करावा की सभागृहाने श्वास रोखून धरावा आणि मग तोच अचानक किंचाळत वर न्यावा, ही हुकमत त्यांची स्वतःची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते मंच अडवून बसलेले नाहीत. मिसिसिपीच्या क्लार्क्सडेल गावचा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रम हा तरुण २०१९ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका घेऊन आला, तेव्हा त्यातील एका गाण्यात बडी गाय स्वतः सहभागी झाले होते. त्यापूर्वी बी. बी. किंग यांनीही बारा वर्षांच्या जो बोनामासाला आपल्या कार्यक्रमाआधी वाजवण्याची संधी दिली होती.

ब्लूज ही मुख्यतः ऐकून व पाहून शिकण्याची विद्या आहे. तार किती खेचावी, किती वेळ थांबावे, हे कागदावर उतरत नाही; ते जवळ बसून घ्यावे लागते. मडी वॉटर्स १९८३ मध्ये गेले. त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष वाजवलेले हात आता मोजकेच उरले आहेत. ते हात थांबले की ध्वनिमुद्रिका राहतील, चित्रफिती राहतील. परंतु प्रश्न विचारता येईल असा गुरू राहणार नाही.

तेव्हा ज्येष्ठ वादक आजही चमकतात काय, याचे सरसकट उत्तर नाही. ज्यांनी वेगावर नाव मिळविले आणि वेगच धरून ठेवला, त्यांना वयाने हरविले. ज्यांनी वेग सोडून स्वराचा आणि विरामाचा आश्रय घेतला, त्यांची मैफल उतारवयातही जिवंत राहिली. मात्र देहाने अगदीच साथ सोडली तेव्हा त्यांचाही इलाज चालला नाही. श्रोत्याने त्यांच्याकडे जावे ते तरुणपण परत मागण्यासाठी नव्हे, तर त्या तरुणपणानंतर त्यांना काय उमगले ते ऐकण्यासाठी. आणि जाणार असेल त्याने फार दिवस थांबू नये.