पंप बदलण्याआधी करंट तपासा

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. हिंगोली-कळमनुरी रस्त्यावर बंद पडलेली अशी पेट्रोल गाडी टोचन करून आणली, की ‘पंप गेला’ हा निकाल बऱ्याचदा तिथल्या तिथे लागतो. टाकी उघडून नवा फ्यूल पंप बसतो आणि काही दिवसांत दुखणे परत येते. कारण पंप धडधाकट होता. त्याच्यापर्यंत करंट पोचत नव्हता.

गैरसमज : चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज येऊन थांबला, म्हणजे पंप बिघडला.

वस्तुस्थिती : इंजेक्शनच्या गाडीत चावी ‘ऑन’ केली, की ईसीयू (इंजिनचा कंट्रोल युनिट) पंप साधारण दोन सेकंद चालवून लाइनमध्ये प्रेशर भरतो. इंजिन फिरले नाही, तर ईसीयूच पंप मुद्दाम बंद करतो. अपघातात तुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहू नये, हाही त्यामागचा हेतू आहे.

गैरसमज : आवाजच आला नाही, म्हणजे नवा पंप घ्यावाच लागणार.

वस्तुस्थिती : आधी फ्यूज पाहा, मग रिले. बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, तर अदलाबदल करून काही मिनिटांत उत्तर मिळते. त्यानंतर वायरिंग आणि अर्थ. पावसाळ्यात प्लगच्या पिना गंजतात. आखाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल, तर खोट चावीच्या ओळखीतही असू शकते.

गैरसमज : मल्टिमीटरने प्लगवर १२ व्होल्ट दाखवले, म्हणजे वायरिंग ठीक.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त फसगत इथेच होते. प्लग काढून मोजले, तर एकच धागा शाबूत असलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते, कारण तेव्हा तिच्यातून करंट जवळपास वाहतच नाही. समजा, पंप ६ अँपिअर ओढतो आणि गंजलेल्या पिनेचा रोध अर्धा ओम आहे. पंप चालू होताच तिथे ३ व्होल्ट खर्ची पडतील आणि पंपाला ९ च्या आसपासच मिळतील. पंप फिरेल, पण प्रेशर पुरणार नाही. चढावर गाडी दम तोडेल.

म्हणून प्लग जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मोजा. बॅटरी आणि पंप यांच्यात एक व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर दोष वाटेत आहे. पंपाची अर्थ वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्येही असेच मोजा. अर्थ हमखास तपासायचा राहून जातो. काही नव्या गाड्यांत कंट्रोलर पंपाचा वेग बदलत असतो. तिथे कंपनीच्या मॅन्युअलमधलेच आकडे धरावेत.

गैरसमज : फ्यूज सारखा उडतो, तर मोठा टाकावा किंवा तार गुंडाळावी.

वस्तुस्थिती : फ्यूज वायरिंगच्या रक्षणासाठी असतो. १५ अँपिअरच्या जागी ३० चा टाकला, तर वायर आधी तापते, वितळते आणि गाडी पेटू शकते. फ्यूज उडतो तो कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे किंवा पंप जाम होऊन जास्त करंट ओढत असल्यामुळे. ते कारण शोधायला हवे.

गैरसमज : टाकीवर ठोकले आणि गाडी सुरू झाली, म्हणजे काम झाले.

वस्तुस्थिती : ठोकल्यावर चालणाऱ्या पंपाच्या मोटारीचे ब्रश बहुधा झिजलेले असतात. असा पंप गॅरेजपर्यंत पोचवेल, पण पुन्हा केव्हाही थांबेल. इथे मात्र पंप बदलणेच योग्य.

गैरसमज : पेट्रोल कितीही कमी असले, तरी पंपाला फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : टाकीतल्या पंपाची मोटार पेट्रोलनेच थंड राहते. हिंगोलीच्या मे महिन्यात रोज रिझर्व्हवर गाडी चालवली, तर मोटार जास्त तापते आणि तिचे आयुष्य घटते. पाव टाकी कायम राखावी.

फ्यूज आणि रिले चावी बंद करून कोणीही पाहू शकतो. टाकीवरचे झाकण मात्र मेकॅनिकनेच, मोकळ्या हवेत आणि बॅटरीचे टोक सोडवून उघडावे. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. पंप बदलायचा ठरला, तर आधी एकच विचारा : पंप चालू असताना किती व्होल्ट मिळाले? आकडा सांगता आला, तरच पैसे खर्च करा.