काड्या, व्हॉल्व्हट्यूब आणि वाचनालयातलं एक टेबल

इंदूरकर मंडळी, घरात बारा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर हे जरूर वाचा.

१९७२ साली आपल्याच मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. त्याच कामात खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांची खेळणी सुचली.

ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. काड्यांचं गुल खरवडून टाका आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सरकवा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन लगेच तिरका होतो. पुलांच्या सांगाड्यात इतके त्रिकोण का असतात, ते मुलांच्या बोटांनाच कळतं!

गुप्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही मोफत आहेत. सोबत भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेचं हिंदी मासिक 'चकमक' आणि बालभारतीचं मराठी मासिक 'किशोर' ठेवा. 'किशोर' १९७१पासूनचं, जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

अहिल्या केंद्रीय ग्रंथालय असो की गल्लीतलं वाचनालय, या सगळ्यासाठी रविवारी दोन तास मुलांना एक टेबल मागून बघा. आधी वाचन, मग हातकाम. आणि वाचून दाखवणारा मुलांमधलाच असू द्या, मोठ्यांनी फक्त काड्या-कात्र्या पुरवाव्यात.