ख्रिस्ती कीर्तन, नाटक, चित्रकलेसाठी छोटे अनुदान: अर्ज कसा करायचा?

भिगवण-इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या एखाद्या ख्रिस्ती भजनी मंडळाला नाताळाआधी चार गावांत कीर्तन करायचे असेल, तर गायक-वादक घरचेच मिळतात. अडचण येते ती ध्वनियंत्रणा, प्रवास आणि मानधनाच्या पैशांची. अशा कामाला छोटी अनुदाने मिळू शकतात. मात्र पैसा कुणाचा आहे, यावर नियम बदलतात.

ही कला नवी नाही

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे आणि रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून भारतीय वळणाची ख्रिस्ती चित्रे काढली. अर्जात या परंपरेचा दोन ओळींत उल्लेख केला, तर काम कलेचेही आहे हे देणाऱ्याला कळते.

अर्ज कुणाच्या नावाने?

बहुतेक देणगीदार नोंदणीकृत संस्थेलाच पैसे देतात. स्थानिक चर्चची बऱ्याचदा स्वतंत्र नोंदणी नसते. ते धर्मप्रांताच्या न्यासाखाली असते. मग अर्ज त्या न्यासाच्या नावाने, त्याच्या लेखी ठरावासह करावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात मंडळाची स्वतःची नोंदणी करणे. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून नाताळाच्या कार्यक्रमासाठी दिवाळीत धावपळ करून उपयोग नाही.

पैसा सरकारी असेल तर

केंद्रीय संस्कृती मंत्रालय संस्थांना सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी अनुदान देते. पण त्या योजनेत धार्मिक संस्था म्हणून काम करणाऱ्यांना अर्ज करता येत नाही. त्यामुळे चर्चने अर्ज न करता कलासंस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाने करावा, आणि कार्यक्रमही खरोखर सर्वांसाठी खुला कलाप्रयोग असावा. प्रार्थनासभेला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असे नाव देऊन पैसे घेतले, तर हिशेब देताना ते अंगाशी येते. प्रार्थनेचा भाग असेल, तर त्याचा खर्च वर्गणीतून करावा आणि तसे लिहावे.

पैसा परदेशी असेल तर

सर्वांत जास्त चुका इथे होतात. विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० म्हणजेच ‘एफसीआरए’ची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना अशा उपक्रमासाठी परदेशी संस्थेची देणगी घेता येत नाही. रक्कम छोटी आहे किंवा ती एखाद्या सदस्याच्या खात्यावर आली, म्हणून सुटका होत नाही.

धर्मप्रांताकडे ही नोंदणी असली, तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला किंवा मंडळाला वर्ग करता येत नाही. धर्मप्रांताने कार्यक्रम स्वतः घ्यावा आणि मंडपवाल्याचे, गाडीवाल्याचे बिल थेट भरावे.

परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या नातलगाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान ठरत नाही. त्याच व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ती देणगी विदेशी मानली जाते. म्हणून पैसे स्वीकारण्याआधी नागरिकत्व विचारून घ्यावे.

अंदाजपत्रक कसे मांडावे?

‘कार्यक्रम खर्च ६०,००० रुपये’ एवढेच लिहिले, तर देणाऱ्याला काहीच कळत नाही. समजा चार प्रयोग आहेत. मग असे लिहावे:

- ध्वनियंत्रणा: ४ × ३,००० = १२,०००
- प्रवास: ४ × ४,००० = १६,०००
- कलाकारांचे मानधन: ४ × ५,००० = २०,०००
- तालीम व वाद्यदुरुस्ती: १०,०००
- पत्रके: २,०००

एकूण ६०,०००. त्यातले १५,००० मंडळ उभे करणार आणि ४५,००० मागणार. स्वतःचा वाटा दाखवला, की देणाऱ्याचा विश्वास वाढतो.

सोबत एका पानात चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: काय करणार, कुठे आणि कधी, कुणासाठी, आणि पूर्ण रक्कम मिळाली नाही तर काय? शेवटच्या प्रश्नाला ‘दोनच गावांत करू’ हे उत्तरही चालते.

पैसे मिळाल्यावर

प्रत्येक खर्चाचे बिल, मानधनाची सही केलेली पावती आणि कार्यक्रमाचे फोटो जपून ठेवावेत. ठरल्याहून वेगळा खर्च करायचा असेल, तर आधी देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. हिशेब मुदतीत पोहोचला, तर पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी तीच सर्वांत चांगली शिफारस ठरते.