वाहनतळावरील रेषा : स्वतः आखाव्यात की कंत्राटदाराकडून?

वाहनतळाच्या जमिनीवर पांढऱ्या रेषा ओढणे हे काम वरकरणी इतके सोपे भासते की, त्यासाठी पैसे मोजून माणूस बोलावणे ही उधळपट्टीच वाटावी. गृहनिर्माण संस्था असो, शाळा असो किंवा एखादे लहान रुग्णालय असो, व्यवस्थापकांच्या बैठकीत हा प्रश्न हटकून निघतो : रंगाचे डबे आणि दोन रूळ आणले तर भागणार नाही काय? पुष्कळदा भागते. मात्र कुठे भागते आणि कुठे भागत नाही, हे रंगाच्या किमतीवरून ठरत नाही.

प्रथम हिशेब पाहू. एका मोटारीसाठी साधारणतः २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब जागा धरतात. एका ओळीत अशी २० घरे आखायची, तर २१ रेषा, म्हणजे १०५ मीटर लांबी होते. रेषेची रुंदी १० सेंटिमीटर धरल्यास रंगवायचे क्षेत्रफळ जेमतेम साडेदहा चौरस मीटर भरते. खरखरीत डांबर रंग पुष्कळ पिते. तरीही एका हाताला सुमारे ४ लिटर, दोन हातांना ८ लिटर रंग पुरावा. एवढ्याशा कामासाठी यंत्र व मजूर घेऊन येणारा कंत्राटदार त्यांच्या वाहतुकीचा खर्च लावणारच. लहान प्रांगणापुरती स्वावलंबनाची बाजू भक्कम आहे ती यामुळे.

खरे कौशल्य रंगविण्यात नसून आखणीत आहे. नवखा माणूस प्रत्येक घर शेजारच्या रेषेपासून मोजतो. दर घरामागे ५ सेंटिमीटरांची चूक झाली, तर विसाव्या घरापाशी ती एक मीटर होते आणि शेवटची मोटार भिंतीला टेकते. म्हणून सर्व मापे एकाच टोकापासून, न ताणल्या जाणाऱ्या फितीने घ्यावीत. काटकोनासाठी गवंड्याचा गुण्या अपुरा पडतो. ३, ४ व ५ मीटर बाजूंचा त्रिकोण दोरीने ताणावा. यज्ञवेदी आखण्याकरिता अशीच रीत शुल्बसूत्रांत सांगितली आहे, आणि ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे! समोरासमोरच्या दोन ओळींमध्ये, काटकोनात मोटारी लावायच्या असल्यास, सुमारे ६ मीटर मोकळा मार्ग हवा. दोन घरे अधिक बसावीत या मोहाने हाच मार्ग प्रथम आक्रसतो. त्याची किंमत अग्निशामक बंब किंवा रुग्णवाहिका आत वळू लागेल तेव्हा कळते.

त्याच मोहाला बळी पडणारी दुसरी जागा म्हणजे अपंग व्यक्तींच्या वाहनांची. चाकाची खुर्ची बाजूला उतरविता यावी यासाठी तिची रुंदी ३.६ मीटर असावी लागते आणि ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावी, असा भारतातील संकेत आहे. सामान्य मापाच्या घरात नुसते चिन्ह रंगविल्याने हे साधत नाही.

जमिनीची सिद्धता हा यानंतरचा भाग. इंजिनातून ठिबकलेल्या तेलावर रंग धरत नाही. ते डाग साबणसोड्याने घासून काढावे लागतात. नव्या काँक्रीटमधील अल्कलीमुळे तैलाधारित रंगातील तेलाचा अक्षरशः साबण बनतो व रंग पापुद्र्यांनी सुटतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये. हिवाळ्यातही पहाटेचे दव वाळू द्यावे. भिंतीचा किंवा लोखंडाचा उरलेला रंग वापरण्याची काटकसर तर मुळीच करू नये : तो चाकांखाली टिकत नाही. भारतीय मानक १६४ हे मार्गरेषांच्या रंगासाठीच केलेले आहे.

थर्मोप्लास्टिकचा प्रकार निराळा. हा पदार्थ सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ओततात आणि तो थिजण्यापूर्वी वर काचेचे बारीक मणी भुरभुरतात. त्यामुळे रेषा रात्री दिव्यांच्या झोतात उजळते. रंगाहून ती कितीतरी अधिक टिकते. परंतु यासाठी भट्टी व सराव दोन्ही हवीत, आणि अंगावर उडालेला थेंब त्वचेला चिकटून भाजत राहतो. हौशी माणसाने या वाटेला जाऊ नये. जुन्या पिवळ्या रेषा खरवडतानाही सावध असावे, कारण पिवळ्या मार्गरंगात पूर्वी शिशाचे क्रोमेट सर्रास वापरीत, आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.

कंत्राटदार नेमला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. ‘वाहनतळ रंगवून देणे’ एवढ्याच शब्दांचा करार वादाला आमंत्रण देतो. रंगाचा प्रकार, रेषेची रुंदी, थराची जाडी व किती हात द्यावयाचे हे लिहून घ्यावे, आणि दर चौरस मीटरचा आहे की लांबीचा, तेही. शक्य असेल तेथे मधला मार्ग मला अधिक पसंत आहे : आखणी संस्थेने स्वतः खडूने करावी, मोटारी प्रत्यक्ष लावून, वळवून पाहाव्यात, आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे. खडूची रेषा पाण्याने पुसता येते. रंगाची चुकलेली रेषा काळ्या रंगाखाली झाकली, तरी वरचा थर झिजताच ती पुन्हा डोके वर काढते आणि चालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात.